‘गॅप’ नव्हे, क्षय

(हिंगोली येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता ‘आरोग्य आणि समाज’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलणारा माणूस बहुधा काहीच न सांगता खाली बसतो. म्हणून मी तो लहान करून मागितला, इतका की तो एका हाडात मावावा. मणक्याचा क्षय, आपल्याकडे म्हणतात तसा ‘मणक्याचा टीबी’, हा आजचा विषय. हाडांचा डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षे याच भागातल्या पाठी तपासतो आहे.  

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शेवटची एसटी गाठायची असेल तर खुशाल उठता येईल. मणक्याचा क्षय गोळ्यांनी बरा होतो. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहावे लागत नाही, गाव सोडून लांबच्या आरोग्यधामात जावे लागत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही आमच्यापुढे वाकलेल्या पाठीची आणि लुळ्या पायांची माणसे येतात, ती औषध नव्हते म्हणून नव्हे. रोगाला नाव मिळेपर्यंत जे महिने गेले, त्यांनी ही पाळी आणलेली असते. गोळीने जंतू मरतो, पण तोवर त्याने खाल्लेले हाड परत येत नाही.

क्षय म्हटले की खोकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात हे खरेच, पण तिथून रक्तात मिसळून ते कुठेही मुक्काम करू शकतात : मानेच्या गाठींत, आतड्यात, मेंदूच्या आवरणात, गुडघ्यात, खुब्यात. हाडा-सांध्यांच्या क्षयातले निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. एकूण क्षयरुग्णांत त्यांचे प्रमाण शेकडा एक-दोन भरते. हे ऐकून हायसे वाटण्याचे कारण नाही. भारतात दरवर्षी सुमारे २७-२८ लाख लोकांना क्षय होतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याचा शेकडा एक धरला तरी हजारो माणसे होतात, आणि ती बहुतेक करून अंगमेहनतीच्या वयातली असतात.

जंतू मणक्याच्या पुढच्या भागात, गादीला लागून असलेल्या कडेशी बसतो. एकमेकांना लागून असलेल्या दोन मणक्यांच्या या कडांना रक्त पुरवणारी धमनी एकच असते. त्यामुळे रोग सहसा एका मणक्यावर थांबत नाही, शेजारच्यालाही धरतो. मधली गादी नंतर झिजते. मणका पुढून पोखरला जातो आणि मागून शाबूत राहतो. उतरंडीतले खालचे मडके एका अंगाने फुटले की वरची सगळी त्या अंगाला कलतात, तसा कणा पुढे झुकतो आणि पाठीवर टोक वर येते. छातीच्या भागात मज्जारज्जूची वाट आधीच अरुंद आहे. तिथे पू साचला किंवा हाडाचा तुकडा मागे सरकला की पाय जड होतात. चप्पल पायातून निसटते आणि ते कळत नाही. पुढे चालणे जाते, मग लघवीवरचा ताबा.

या रोगातला पू फसवा असतो. तो गरम लागत नाही, लाल दिसत नाही. कमरेच्या आतल्या स्नायूच्या आवरणातून सरकत तो जांघेत उतरतो. रुग्ण जांघेतली गाठ दाखवायला येतो आणि रोग कमरेत बसलेला असतो. इजिप्तमध्ये नेस्पेरेहान नावाच्या पुजाऱ्याची सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ममी सापडली. तिच्यात वाकलेला कणा आणि जांघेकडे उतरलेला असाच गळवाचा फुगवटा दोन्ही होते. १९१० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे रोग नवा नाही आणि त्याची फसवण्याची रीतही नवी नाही.

आता आपल्याकडे येऊ. पाठदुखीला आपल्या जिल्ह्यात कारणांची कमतरता नाही. वसमत-कळमनुरीकडे हळदीची काढणी असते, ती वाकूनच करावी लागते. कापसाची वेचणी असते. सेनगावकडून, औंढ्याकडून टोळ्या ऊसतोडीला जातात. तिथे बाईच्या डोक्यावर मोळी असते आणि रात्री-अपरात्री गाडी भरायची असते. अशा बाईची पाठ दुखते, यात कुणाला नवल वाटत नाही. तिला स्वतःलाही वाटत नाही. हा रोग लपतो तो नेमका इथे, कामाच्या दुखण्याच्या आडोशाला.

वाट साधारण अशी असते. पहिले काही आठवडे ‘चमक भरली’, ‘उसण भरली’ यात जातात. शेक, बाम, कुणी बिब्बा घालतो, कुणी हाडवैद्याकडे नेऊन पाठ ‘बसवून’ आणतो. मग गावातला किंवा तालुक्याचा डॉक्टर. सुई, सलाईन, लाल-पिवळ्या गोळ्या. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मग एक्स-रे, आणि एक्स-रेवरून निकाल : ‘मणक्यात गॅप आहे.’ या गॅपने आपल्या मराठवाड्यात जेवढ्यांना पट्टा बांधायला लावला तेवढ्यांना कुठल्या अपघाताने लावला नसेल. चाळिशीनंतर बहुतेकांच्या फिल्मवर थोडीफार झीज दिसतेच. आणि उलट बाजूने, क्षयाच्या सुरुवातीला एक्स-रे चक्क साफ असू शकतो, कारण मणक्याचे तीस-चाळीस टक्के हाड गेल्याखेरीज साध्या एक्स-रेवर काही उमटत नाही. म्हणजे निर्दोष माणसाला गॅप मिळतो आणि क्षयाच्या माणसाला ‘काही नाही’ असा दाखला मिळतो.

बायकांच्या बाबतीत आणखी दोन आडोसे आहेत. एक म्हणजे ‘बाळंतपणात पाठ शेकली नाही’. दुसरा, ‘सिझरच्या वेळी पाठीत भुलीची सुई दिली, तेव्हापासून दुखते’. या दोन वाक्यांनी किती चौकशा जागच्या जागी संपल्या असतील! घरातले समजले, बाई समजली, डॉक्टरही मान डोलावतो. दुखणे रात्री झोपू देत नाही का, संध्याकाळी अंग कोमट होते का, साडीच्या निऱ्या पूर्वीपेक्षा जास्त पडतात का, हे प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात.

तेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. कष्टाची पाठ पडल्यावर हलकी होते. क्षयाची पाठ पडूनही दुखते, कूस बदलताना माणूस कळवळतो. दुखणे आठवडे उलटत जाते आणि वाढत जाते. कण्यावर बोटाने दाबत गेले तर एका ठरावीक ठिकाणी माणूस दचकतो. कधी भूक मेलेली असते, वजन उतरलेले असते. मात्र ताप नाही म्हणून क्षय नाही असे समजू नका, निम्म्याहून जास्त रुग्णांत ताप आणि वजन घटणे ही लक्षणे नसतात. लहान मूल खाली पडलेली गोटी उचलताना कमरेत वाकत नाही, पाठ ताठ ठेवून उकिडवे बसते आणि मग उचलते. झोपेत ओरडून उठते. घरात कुणाला कधी क्षय झालेला असेल, मधुमेह असेल, एचआयव्ही असेल, तर संशयाला आणखी बळ. सगळ्या पाठदुखीला टीबी समजू नका, शंभरातल्या बहुतेक पाठी कष्टाच्याच असतात. माझी तक्रार एवढीच की उरलेल्यांना ओळखण्यासाठी जे दोन मिनिटांचे बोलणे लागते ते होत नाही.

गरिबालाच असे होते असेही नाही. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले त्या सुमारास अमिताभ बच्चन यांना मणक्याचा क्षय असल्याचे निदान झाले. वेदनाशामक गोळ्या घेत काम चालू होते, हे त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. उपचार पूर्ण केले, बरे झाले, आणि नंतर क्षयाविरुद्धच्या मोहिमेत उतरले. आपल्या गावात टीबीचे नाव कुजबुजत घेतात. मुलीचे लग्न मोडेल म्हणून औषधाचे पाकीट डब्यात लपवतात. अशा घरात मी त्यांचे उदाहरण हमखास देतो. फक्त एक जोडतो : नुसता मणक्याचा क्षय, फुप्फुसात रोग नसलेला, जवळ बसल्याने कुणाला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचे काहीच कारण नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण उपचाराविषयीच्या आपल्या पुष्कळ समजुती त्या इतिहासात अडकल्या आहेत.

१७७९ मध्ये लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने वाकलेला कणा आणि लुळे पाय यांचा संबंध नीट मांडला. आजही आम्ही या रोगाला त्याच्या नावाने ओळखतो. त्याचा उपचार काय होता? वाकलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना दाहक द्रव्य लावून कातडी जाळायची आणि ती जखम वाहती ठेवायची. आपला बिब्बा आणि डागणी याहून फार वेगळी नाही. खेड्यातल्या म्हातारीला हसणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. पॉटचे निरीक्षण खरे होते, त्याचा उपचार चुकीचा होता, आणि काही रुग्ण त्या उपचारानंतर बरेही झाले, कारण हा रोग काही माणसांत आपसूक शांत होतो. वाकलेली पाठ मात्र तशीच राहते.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेली डॉक्टर, रोग काय आहे ते माहीत, जंतूसुद्धा माहीत, आणि हातात औषध नाही. ही स्थिती पुढे जवळजवळ साठ वर्षे राहिली. त्या काळात उरला तो ऊन-वाऱ्याचा उपचार. स्वित्झर्लंडमध्ये लेझाँला रोलिए नावाच्या डॉक्टरने मणक्याच्या रुग्णांना डोंगरावरच्या उन्हात झोपवले. आपल्याकडे पाचगणी, मिरजेजवळ वानलेसवाडी, निजामाच्या राज्यात विकाराबादजवळची अनंतगिरी. मणक्याच्या रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात वर्ष-दोन वर्षे उताणे ठेवत. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि आल्बी यांनी मणके एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यांचा हेतू एकच, दुखरा भाग हलू नये.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि चित्र पालटले. मराठी माणसाला ते औषध कुमार गंधर्वांमुळे ठाऊक असायला हवे. १९४७ च्या सुमारास त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला, देवासला अंथरुणावर वर्षे गेली, गाणे बंद. स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि एका फुप्फुसाच्या बळावर ते पुन्हा गायला बसले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, साठच्या दशकात रिफॅम्पिसिन.

औषध आले तरी अंथरूण सुटले नव्हते. ते सोडवले मद्रासने, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९५६ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतले फुप्फुसाच्या क्षयाचे रुग्ण घेतले. काहींना आरोग्यधामात ठेवले, चांगले जेवण, विश्रांती. काहींना त्यांच्या झोपडीतच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात रोग जास्त पसरला असेही दिसले नाही. मोठमोठी आरोग्यधामे जगभर बंद होत गेली, त्यामागे या प्रयोगाचा हात मोठा आहे.

मणक्याच्या बाबतीत हाच प्रश्न ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने दक्षिण कोरियात विचारला. मसान शहरात काही रुग्णांना सहा महिने रुग्णालयात झोपवून ठेवले, काहींना पहिल्या दिवसापासून चालते-फिरते ठेवले. पुसानमध्ये काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले, काहींना नाही. १९७३ पासून निष्कर्ष येऊ लागले. झोपण्याने फायदा झाला नाही, प्लास्टरनेही झाला नाही, औषध नियमित घेणारे दोन्हीकडे सारखेच सुधारले. एक गोष्ट मात्र विसरायची नाही : ज्यांना चालताच येत नव्हते असे रुग्ण या चाचण्यांत घेतलेले नव्हते. म्हणून ‘सगळे गोळ्यांनीच होते’ हे विधान पाय गेलेल्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही.

त्याच काळात हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक छाती उघडून पुढून मणक्यापर्यंत जात, सडलेले हाड काढत आणि जागा नव्या हाडाने भरत. उत्तम शस्त्रक्रिया, पण ती आपल्या किती गावांत होणार? बनारसच्या डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये आपला ‘मधला मार्ग’ मांडला : सर्वांना औषध द्या, नीट लक्ष ठेवा, आणि ज्याला गरज आहे त्यालाच चाकू लावा. भारतातला मणक्याच्या क्षयाचा उपचार आजही मुळात याच वाटेने चालतो. आमच्या व्यवसायात परदेशी शोधनिबंधांचे वजन जास्त असते, म्हणून बनारस आणि मद्रास ही दोन नावे जरा आवाज चढवून घेतो.

आज उपचार कसा होतो ते आता नीट सांगतो, कारण घरोघरी नेमके हेच अर्धवट कळलेले असते.

एमआरआयवर रोग लवकर दिसतो. पण चित्र म्हणजे निदान नव्हे. जिथे शक्य असेल तिथे सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून मणक्यातला किंवा गळवातला नमुना घ्यायला हवा. याची दोन कारणे आहेत. पहिले, दुसरे रोगही असेच दिसतात : साध्या जंतूंचा संसर्ग, कर्करोगाची गाठ, आणि आपल्या गुरे पाळणाऱ्या भागात ब्रुसेलोसिस. हा जनावरांकडून, कच्च्या दुधातून येतो आणि मणका धरतो. दुसरे कारण, जंतू औषधांना दाद देतो का हे आधीच कळते. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या दोन तपासण्या काही तासांत ते सांगतात. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीने तयार केलेले आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. मणक्यात जंतू थोडे असतात, त्यामुळे एखादा नमुना निर्दोष आला तरी रोग नाही असे होत नाही. तिथे डॉक्टरचा अनुभव लागतो. आणखी एक विनंती खासगी व्यावसायिकांना : निदान होण्याआधी अंदाजाने लिव्होफ्लोक्सासिनसारखी प्रतिजैविके देऊ नका. ती क्षयाला अर्धवट दाबतात, नमुना निर्दोष येतो आणि आणखी महिने जातात.

पहिले दोन महिने चार औषधे : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. ती एकाच गोळीत असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. त्यानंतर तीन औषधे. फुप्फुसाच्या क्षयाला एकूण सहा महिने पुरतात. मणक्याला आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बारा महिने, आणि गरजेप्रमाणे अठरापर्यंत. लघवी नारिंगी होते, घाबरायचे नाही. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, रंग ओळखताना गोंधळ झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि एक गोष्ट, जी संकोचाने कुणी सांगत नाही : रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, दुसरे साधन वापरायला हवे.

सगळ्यात धोक्याचा महिना पहिला नसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणे थांबते, भूक लागते, वजन वाढते. माणूस म्हणतो, आता काय उरले? आणि गोळ्या सुटतात. जंतूतले जे चिवट होते ते मागे राहिलेले असतात. अर्धवट औषधाने दाद न देणारा क्षय तयार होतो, त्याचा उपचार लांब आणि कठीण. बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आल्यापासून त्यातली रोजची सुई बहुतेकांची टळली आहे. त्या सुयांनी पूर्वी अनेकांची श्रवणशक्ती गेली.

उलट बाजूचीही घाई असते. उपचाराच्या पहिल्या आठवड्यांत एखादे गळू मोठे होते, नवी गाठ दिसते. औषध लागू पडत असतानाही हे होऊ शकते. एमआरआय तर बरे होण्याच्या मागून चालतो : माणूस सुधारलेला असतो आणि अहवालात रोग वाढल्यासारखा दिसतो. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हौसेने एमआरआय काढतो, अहवाल पाहून घाबरतो, औषधे बदलतात. माझा सल्ला असा की आधी माणूस पाहा. रात्री झोप लागते का, वजन किती वाढले, पाय कसे चालतात, रक्तातली दाहाची खूण, म्हणजे ईएसआर, उतरते आहे का. मणके पुढे हळूहळू एकमेकांना चिकटून हाडाचा सांधा तयार होतो, मधली पोकळी भरते. हे काम महिन्यांचे आहे. तोवर पट्टा लागतो तो दुखणे कमी व्हावे आणि उभे राहण्याचा धीर यावा म्हणून. पट्ट्याने रोग बरा होत नाही, हे पट्टा विकणाऱ्याने सांगायला हवे, पण तो कशाला सांगेल!

शस्त्रक्रिया कुणाला? पायातली ताकद औषध चालू असूनही कमी होत चालली, किंवा आलाच तो पाय पूर्ण लुळे होऊन, पाठीचे टोक वेगाने वाढते आहे, कणा डगमगतो आहे, निदानच पटत नाही, अशांना. तीही वेळेवर. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे शेत गहाण टाकण्याआधी विचारा. शस्त्रक्रिया झाली म्हणजे गोळ्या संपल्या असा गैरसमज फार आहे. वर्षभराच्या गोळ्या त्यालाही चुकत नाहीत. पाय गेलेली माणसे महिनोन्‌महिन्यांनी चालू लागलेली मी पाहिली आहेत, म्हणून घरच्यांनी आशा सोडू नये. पण तोवर त्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. क्षयातून वाचलेली माणसे या जखमांनी जातात.

मुलांचे वेगळे आहे. मद्रासला मणक्याच्या क्षयावर झालेल्या वेगळ्या चाचणीतल्या मुलांचा डॉ. राजशेखरन यांनी पंधरा वर्षे पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात दिसले की रोग पूर्ण बरा झाल्यावरही वाढीच्या वयात काही मुलांची पाठ वाकत जाते आणि काहींची आपोआप सुधारते. कुणाची वाकेल हे सुरुवातीच्या एक्स-रेवरून बरेचसे ओळखता येते. म्हणून मुलाच्या गोळ्या संपल्या तरी उंची वाढायची थांबेपर्यंत वर्षातून एकदा त्याला दाखवत राहा.

आता जेवण. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. क्षयरुग्णाच्या घरातल्यांना तांदूळ आणि डाळ असा जादा शिधा दिला, तर त्या घरात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. रुग्णांत ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू कितीतरी कमी झाले. तेव्हा डॉक्टर ‘ताकदीची बाटली’ लिहून देतो त्यापेक्षा घरात डाळ आहे का हे विचारणे जास्त शास्त्रीय आहे. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. बँक खाते नसेल तर काढून घ्या. आणि ते पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात तेही पाहा. आजारी सून आणि खाते नवऱ्याचे, अशी स्थिती असेल तर डाळ कुणाच्या ताटात पडेल याची खात्री नाही. घरातल्या बाईने शेवटी जेवायचे, उरलेले जेवायचे, ही रीत या रोगात औषधाला हरवते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. कुठलाही गंभीर रुग्ण म्हटले की नांदेडचा रस्ता, ही सवय मात्र त्यानंतरही गेली नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे नुसती इमारत आणि शंभर जागा नव्हेत. मणक्यातून सुईने नमुना घेणारे हात, तो तपासणारी प्रयोगशाळा आणि लुळ्या पायांना उभे करणारा फिजिओथेरपी विभाग या तीन गोष्टी इथे नियमित चालल्या, तर कळमनुरीच्या रुग्णाचे कित्येक आठवडे वाचतील. याचा पाठपुरावा डॉक्टरांनी एकट्याने करून होत नाही, तुम्ही मंडळींनी तो लावून धरायला हवा.

शेवटचा मुद्दा घाईचा आहे, कारण दसरा तोंडावर आला आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि चैत्राच्या आसपास परततील. बारा महिन्यांच्या उपचारातले पाच-सहा महिने असे फडावर जातात, आणि बहुतेकांच्या गोळ्या तिथेच तुटतात. तुटायचे काही कारण नाही. प्रत्येक क्षयरुग्णाची सरकारच्या ‘निक्षय’ प्रणालीत नोंद होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. तो दाखवला की सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यातही पुढच्या गोळ्या मिळतात. इथे मुकादम बसले असतील, सरपंच असतील, आशाताई तर समोरच दिसत आहेत. उचल देताना कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, विचारा, घरात कुणाची औषधे चालू आहेत का. असतील तर निघण्याआधी महिन्याच्या गोळ्या आणि तो क्रमांक पिशवीत घालून द्या, आणि ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव इथल्या क्षयरोग कर्मचाऱ्याला कळवा. फडावर कुणी बाई रात्री पाठीने झोपत नसेल तर ‘मोळीने धरली असेल’ म्हणून सोडून देऊ नका, तिला दवाखान्यात नेऊन क्षयाची तपासणी मागा. कुणाला आजच काही विचारायचे असेल, तर केंद्र सरकारच्या ‘निक्षय संपर्क’ या मोफत दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-६६६६ आहे. तो उतरवून घ्या.